लिंबूटिंबू समजले जाणारे राष्ट्रीय फुटबॉल संघ दिग्गजांना का हरवतात?

मधली फळी (धागाकर्ता):

२७ जून २०१६ रोजी नीस येथे आइसलंडने इंग्लंडला २-१ असे हरवून युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेबाहेर काढले, त्या विजयाची चर्चा आजही मुख्यतः जिद्द आणि देशप्रेम या शब्दांत होते. जिद्द होतीच, पण ती इंग्लंडच्या खेळाडूंमध्ये नव्हती असे मानायला काहीच आधार नाही. जी गोष्ट दोन्ही बाजूंकडे आहे तिने निकालातला फरक उलगडत नाही. माझ्या मते खरे कारण फुटबॉलच्या आणि त्यातही राष्ट्रीय संघाच्या घडणीत आहे.

कतारमधील २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे एका सामन्याला तीनपेक्षाही कमी. ज्या खेळात एवढे थोडे गोल होतात, तेथे ऐंशी मिनिटे वरचढ ठरलेला संघ एका कॉर्नरवर सामना गमावू शकतो. दुसरे असे की क्लबला उणीव भासली की तो पैसे मोजून खेळाडू आणतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला मात्र आपल्या देशाचे जे खेळाडू असतील त्यांच्यावरच भागवावे लागते, आणि तेही त्याच्या हाती वर्षातून थोडे दिवस येतात. त्या थोड्या दिवसांत बचावाची शिस्त शिकवता येते, कॉर्नर आणि लांब थ्रो-इन यांचा सराव करून घेता येतो. परंतु आघाडीच्या चार खेळाडूंनी एकमेकांच्या धावा न बघता ओळखाव्यात, ही समज रोजच्या सरावातूनच येते. परिणामी, श्रीमंत देशाच्या खेळाडूंची गुणवत्ता क्लबच्या जर्सीत जेवढी दिसते तेवढी देशाच्या जर्सीत उतरत नाही.

आइसलंडचा पहिला गोल पाहा. गुन्नार्सनने हाताने लांब फेकलेला चेंडू आर्नासनने डोक्याने वळवला आणि राग्नार सिगुर्डसनने तो जाळ्यात ढकलला. त्या संघाने युरोतील पाचही सामन्यांत तेच अकरा खेळाडू सुरुवातीला उतरवले होते, आणि त्यांतील कित्येक जण २०११ मध्ये २१ वर्षांखालील युरो स्पर्धेतही एकत्र खेळले होते. २००४ च्या ग्रीसचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. त्याआधी विश्वचषकात किंवा युरोत एकही सामना न जिंकलेल्या या संघाला प्रशिक्षक ओटो रेहागेल यांनी तेव्हा जुनाट समजले जाणारे माणसामागे माणूस लावणारे मार्किंग करायला लावले. फ्रान्स, झेक प्रजासत्ताक आणि अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगाल यांच्याविरुद्ध ग्रीसने तिन्ही सामने १-० असे जिंकले, आणि तिन्ही गोल हेडरने झाले.

याला नशीब म्हणणे मला पटत नाही. विरोधी मते अवश्य मांडावीत.

आकडेमोड:

आपली मांडणी वाचनीय आहे, पण तिचा पायाच निवडक उदाहरणांवर उभा आहे. आपण जिंकलेले दुबळे संघ गोळा केलेत आणि मग त्यांच्यात काय समान आहे ते शोधलेत. शिस्तीने बचाव करून, लांब थ्रो-इन टाकून निमूटपणे हरलेल्या संघांची मोजदाद कोणी केली आहे?

१९३० ते २०२२ या काळात २२ विश्वचषक झाले आणि ते केवळ आठ देशांनी वाटून घेतले. आपला आइसलंड पुढच्याच सामन्यात फ्रान्सकडून ५-२ असा हरला. ग्रीस २००६ च्या विश्वचषकासाठी पात्रही ठरला नाही आणि २००८ च्या युरोत गटातले तिन्ही सामने हरला, तेही त्याच रेहागेल यांच्या हाताखाली. कोस्टारिकाने २०१४ मध्ये उरुग्वे, इटली आणि इंग्लंड यांच्या गटात अव्वल स्थान मिळवले आणि आपण सर्वांनी त्यांच्या बचावाचे कौतुक केले. २०२२ मध्ये केलॉर नवास हाच गोलरक्षक असताना तोच देश स्पेनकडून ७-० असा हरला. पद्धतच विजय मिळवून देत असेल, तर ती आठ वर्षांत कोठे गेली?

गोल थोडे होतात म्हणून अनपेक्षित निकाल लागतात, हे आपणच लिहिले आहे. त्यालाच आम्ही योगायोग म्हणतो. त्यावर डावपेचांचे श्रेय चढवण्याची गरज नाही.

मधली फळी:

विश्वचषक जिंकणे आणि आपल्या ताकदीपेक्षा वरचढ खेळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा दावा दुसऱ्या गोष्टीपुरता आहे. आणि योगायोगच म्हणायचा, तर सुमारे ४० लाख लोकवस्तीचा क्रोएशिया १९९८ मध्ये तिसरा, २०१८ मध्ये दुसरा आणि २०२२ मध्ये पुन्हा तिसरा आला, हे आपण कसे समजावणार? २०१८ मध्ये तर बाद फेरीचे सलग तीन सामने जादा वेळेपर्यंत खेळून तो अंतिम फेरीत पोहोचला.

उत्तरायण:

मला दोघांच्याही मांडणीत एक गृहीतक खटकते. लहान देश म्हणजे गरीब देश, असे येथे सरसकट धरले गेले आहे. मी डेन्मार्कमध्ये राहतो. येथे १९९२ च्या युरो विजेतेपदाची गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते की युगोस्लाव्हियाला वगळल्यामुळे ऐनवेळी बोलावलेले खेळाडू सुट्टीवरून थेट मैदानात आले आणि त्यांनी जर्मनीला २-० असे हरवले. पण त्या संघाचा गोलरक्षक श्मायकेल मँचेस्टर युनायटेडचा होता आणि ब्रायन लाउड्रप बायर्न म्युनिकमध्ये खेळत होता. त्यांना दुबळे ठरवणे हा इतिहासावर अन्याय आहे.

आइसलंडची लोकसंख्या २०१६ मध्ये सुमारे सव्वातीन लाख होती, परंतु माणशी उत्पन्नात तो जगातील श्रीमंत देशांपैकी एक आहे. २००० नंतर तेथे पूर्ण आकाराची बंदिस्त मैदाने उभी राहिली, त्यामुळे हिवाळ्यातही मुले खेळू लागली. आणि युरोपीय परवाना मिळवलेले शेकडो प्रशिक्षक तयार झाले, जे अगदी लहान मुलांनाही शिकवतात.

मोरोक्कोचे उदाहरण अद्याप कोणी घेतलेले नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो. २०२२ मध्ये उपांत्य फेरी गाठणारा हा पहिला आफ्रिकी संघ. उपांत्य सामन्यापर्यंत त्याने फक्त एक गोल खाल्ला, आणि तोही कॅनडाविरुद्धचा स्वयंगोल होता. यामागे दोन प्रवाह होते. एक म्हणजे राजाश्रयाने सालेजवळ उभी राहिलेली मोहम्मद सहावे अकादमी, जिच्यातून एन-नेसिरी, उनाही आणि अगुएर्ड तयार झाले. दुसरा म्हणजे स्थलांतरितांची मुले: २६ पैकी १४ खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मले होते. हकिमीचा जन्म माद्रिदचा आणि घडण रेआल माद्रिदच्या अकादमीतली. झियेश आणि अम्राबात नेदरलँड्समध्ये वाढले. म्हणजे स्पेनला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवणाऱ्या संघावर युरोपनेही पुष्कळ खर्च केला होता. मोठ्या देशांचा पैसा त्यांच्याच सीमेत राहत नाही, हे लहान देशांच्या यशाचे मला सर्वांत मोठे कारण वाटते. डावपेचांचे स्थान त्यानंतरचे आहे.

फातोर्ड्याचा प्रेक्षक:

चर्चा युरोपभोवतीच फिरते आहे, म्हणून आपल्या संघाचा अनुभव मांडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने आशियाई विजेत्या कतारला दोहा येथे ०-० असे रोखले. गुरप्रीतसिंग संधूने त्या रात्री केलेले गोलरक्षण पाहून आम्हांला वाटले की आता आपला संघ मार्गाला लागला. पुढच्याच महिन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर बांगलादेशाने आपल्याला १-१ असे रोखले. विश्वचषकाच्या त्या पात्रता गटातील आठ सामन्यांत भारताने एकच सामना जिंकला.

दोहामध्ये आपण दुबळे होतो. हल्ला करण्याची जबाबदारी कतारवर होती आणि आपल्याला फक्त जागा अडवायच्या होत्या. कोलकात्यात दाटीवाटीने उभा असलेला बचाव आपल्याला फोडायचा होता आणि तो फोडण्याचे शिक्षण आपल्या खेळाडूंना मिळालेले नव्हते. धागाकर्त्यांनी सांगितलेला फायदा मला मान्य आहे, पण तो संघाचा नसून त्या दिवशीच्या भूमिकेचा असतो. मोरोक्कोचेही तेच झाले: जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिकी करंडकाच्या बाद फेरीत संभाव्य विजेता म्हणून उतरलेला हा संघ दक्षिण आफ्रिकेकडून २-० असा हरला.

आकडेमोड:

हा मुद्दा मला प्रथमच पटण्याजोगा वाटतो, आणि माझ्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे. ग्रीस २००४ नंतर विजेता म्हणून मैदानात उतरू लागला आणि समोरच्यांनी त्याच्यासाठी जागा मोकळ्या सोडणे थांबवले. मात्र मग मूळ प्रश्नच बदलतो. ज्या फायद्याचा उपयोग दुबळे राहण्यापुरताच आहे, त्यावर कोणत्याही देशाने आपले फुटबॉल उभे करू नये. भारतीय संघाने वर्षानुवर्षे बरोबरीसाठी खेळण्याचे समर्थन या धाग्यातून निघू नये, एवढीच माझी काळजी आहे.

मधली फळी:

ते समर्थन माझ्याकडून कधीही होणार नाही. फक्त एक गोष्ट नोंदवतो. सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे भारतीय संघ १९५० ते १९६३ एवढा काळ होता, शिवाय ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचेही प्रशिक्षक होते, त्यामुळे राष्ट्रीय संघातील बरेच खेळाडू वर्षभर त्यांच्या नजरेखाली असत. राष्ट्रीय प्रशिक्षकाला सहसा न मिळणारा वेळ त्यांना मिळाला, आणि त्यांनी तो केवळ बचावावर खर्च केला नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले, त्यांतील तीन गोल मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांचे होते. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारत सलामीलाच दक्षिण कोरियाकडून २-० असा हरला. त्याच कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात रहीम यांनी डोक्याला जखम झालेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला आघाडीला खेळवले. भारत २-१ असा जिंकला, एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा आणि दुसरा जर्नेल सिंग यांचा.