मदत हवी आहे: डुवेलला मधाचा वास

रत्नागिरीत राहतो. डुवेल या बेल्जियन बिअरच्या (८.५ टक्के अल्कोहोल, ३३० मिली) दोन बाटल्या, एकाच खोक्यातल्या, तारीख एकच. एक फ्रिजमध्ये होती, दुसरी एप्रिल-मे माळ्यावर. वर पत्रा, म्हणजे विचारूच नका. काल दोन्ही ८ अंशांवर आणून ट्यूलिप ग्लासात ओतल्या, तळाचा यीस्टचा गाळ न हलवता.

फ्रिजमधली नेहमीसारखी: नासपती, मिरीचा झणका, शेवट कोरडा. माळ्यावरचीला फेस तेवढाच, पण वास मधाचा आणि मागून ओल्या पुठ्ठ्याचा. आंबटपणा नाही. खोकं बंद होतं, उजेड लागलेला नाही. ग्लासाला साबणाचा वास नव्हता, आणि बांगडे तळायच्या आधीच चाखल्या.

अजून चार माळ्यावर आहेत. आता फ्रिजमध्ये टाकल्या तर बिघाड आहे तिथेच थांबेल, की लगेच संपवायच्या?