डांबरी पार्किंगमध्ये पाणी तुंबतं, पुन्हा थर टाकावा का?

प्रश्न: साकीनाक्याला आमच्या गाळ्यांसमोर ६० फूट रुंद पार्किंग आहे. गेल्याच वर्षी नवीन डांबर टाकलं, तरी पहिल्या सरीपासून मधोमध घोटाभर पाणी. माल उतरवणारी पोरं दिवसभर त्यात उभी असतात, बघवत नाही. ठेकेदार म्हणतो, अजून एक थर टाकू.

उत्तर: ताई, टाकू नका. खळग्यावर थर चढवला की खळगाच वर येतो. बावीस वर्षं साइटवर काढली, हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. डांबराला दीड ते दोन टक्के ढाळ हवा, म्हणजे तुमच्या ६० फुटांत सुमारे एक फूट उतार. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची लेव्हल बघा. साचलेलं पाणी भेगांतून आत जातं, खडीवरचं डांबर सुटतं आणि वरून टेम्पो गेला की खड्डा पडतो. आधी जुना थर खरवडून काढा, ढाळ द्या, मगच नवा थर. आणि पाणी गटारात जायची जाळी सगळ्यात खोल जागी आहे ना, तेवढं नक्की बघा.

आणखी एक: भरतीच्या वेळी जोराचा पाऊस असला तर बाहेरचं गटारच पाणी घेत नाही. तेव्हाचं तुंबणं वेगळं धरा.

प्रश्नकर्ती: ओहोटीलाही तुंबतंच. आज नळी लावली. उतार जेमतेम दोन इंच, आणि जाळी आजूबाजूच्या डांबरापेक्षा दीड इंच वर! ठेकेदाराला उद्या सकाळी बोलावलंय, नळी तिथेच ठेवलीय.