वॉशिंग्टन डी. सी. नेमके कोणत्या राज्यात येते?

पालक, राजारामपुरी
माझी मुलगी सातवीत आहे. काल अमेरिकेचा नकाशा रंगवताना तिला वॉशिंग्टन हे नाव दोन ठिकाणी सापडले: एक वायव्येला प्रशांत महासागरालगत आणि दुसरे पूर्वेला पोटोमॅक नदीकाठी. आपला कोल्हापूर जिल्हा जसा महाराष्ट्रात आहे, तसा पूर्वेकडील वॉशिंग्टनचा ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’ (डी. सी.) कोणत्या राज्यात आहे, असे तिने विचारले आणि मला सांगता आले नाही. तो ठिपका तिने अजून कोराच ठेवला आहे.

भूगोल शिक्षिका, शाहूपुरी
कोरा ठेवला हेच योग्य झाले, कारण तो भाग कोणत्याही राज्यात येत नाही. येथे ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा जिल्हा नव्हे, तर राजधानीसाठी वेगळा काढलेला, केंद्राच्या अखत्यारीतील प्रदेश. १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या (अमेरिकेच्या तेव्हाच्या संसदेच्या) सभेला वेढा घातला, पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सरकारने मदतीला फौज पाठवली नाही आणि सदस्यांना शहर सोडून प्रिन्स्टन गाठावे लागले. राजधानी कोणत्याही एका राज्याच्या मर्जीवर असू नये, हे तेव्हा अनेकांना पटले. म्हणून १७८७ च्या राज्यघटनेत जास्तीत जास्त दहा मैल बाजूच्या चौरसाची तरतूद झाली. मेरीलँड आणि व्हर्जिनिया यांनी जमीन दिली. व्हर्जिनियाचा भाग १८४६ मध्ये परत गेला, त्यामुळे नकाशातील तिरक्या चौरसाचा नैर्ऋत्येकडील तुकडा तुटलेला दिसतो. मुलीला तो अवश्य दाखवा.

इतिहासाचा वाचक, कसबा बावडा
जागा दक्षिणेकडे का गेली, हेही तिला सांगावे. राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातील कर्जे केंद्राने उचलावीत असा अर्थमंत्री हॅमिल्टन यांचा आग्रह होता आणि दक्षिणेतील व्हर्जिनियाचे काँग्रेस सदस्य मॅडिसन यांचा त्याला विरोध होता. १७९० मध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसन यांच्याकडील भोजनाच्या वेळी तडजोड निघाली: कर्जे केंद्राकडे, राजधानी पोटोमॅककाठी. वायव्येकडील वॉशिंग्टनची कथा तर आणखी विलक्षण आहे. त्या प्रदेशासाठी आधी ‘कोलंबिया’ हेच नाव सुचवले होते. डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाशी गोंधळ होऊ नये म्हणून १८५३ मध्ये ते बदलून ‘वॉशिंग्टन’ ठेवले. तो प्रदेश १८८९ मध्ये राज्य झाला.

पालक, राजारामपुरी
मनापासून आभार. मग हे आपल्या दिल्लीसारखेच म्हणायचे का?

भूगोल शिक्षिका, शाहूपुरी
पूर्णपणे नाही. दिल्ली लोकसभेत सात खासदार पाठवते आणि त्यांना मताधिकार असतो. डी. सी. च्या रहिवाशांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने मिळाले. सिनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) मात्र त्यांचा कोणीच नाही आणि प्रतिनिधिगृहातील (कनिष्ठ सभागृहातील) त्यांच्या प्रतिनिधीला विधेयकावर अंतिम मत देता येत नाही. लोकशाहीच्या राजधानीतील ही उणीव मला फार खटकते.