मदत हवी आहे: पहिलंच बँक खातं, आधारवर नावापुढे 'बाई' आणि मतदार कार्डावर नाही

ओसरी

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या सदरात असेल तर संपादकांनी हलवावा.

आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींचं आयुष्यातलं पहिलं बँक खातं उघडायचंय. वय पन्नाशीच्या आसपास, गाव परभणी जिल्ह्यात, पुण्यात येऊन नऊ-दहा वर्षं झाली. चार घरची कामं मिळून महिन्याला १२ हजार होतात. तीन घरं रोख देतात. चौथं घर पुतण्याच्या फोनवर पैसे टाकतं, आणि पुतण्या त्यातले दोन-तीनशे 'रिचार्जला' म्हणून ठेवून घेतो. लाडकी बहीणचा अर्जही खातं नाही म्हणून तेव्हा राहूनच गेला.

परवा अर्धा दिवस सुट्टी टाकून त्यांना एका बँकेत घेऊन गेले. घरात होते नव्हते ते सगळे कागद पिशवीत घातले होते आणि काउंटरवर सगळेच मांडले. आता वाटतं तिथेच चुकलं. आधारवर नावापुढे 'बाई' आहे आणि जन्मतारीख १ जानेवारी (गावातल्या कॅम्पमध्ये तारीख माहीत नव्हती, त्यांनी टाकून दिली). मतदार कार्डावर 'बाई' नाही, आणि वय चार वर्षांनी वेगळं. रेशन कार्ड दिराच्या नावावर. साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "ही बाई एकच आहे की तीन?"

मग पुढची यादी:
- आधी सगळीकडे नाव एक करून आणा.
- थंब मशीनवर एकही बोट घेत नाही. भांडी घासून घासून ठसे गेलेत.
- आधारला जोडलेला नंबर गावाकडच्या जावेचा, तोही बंद. ओटीपी कुठून येणार?
- पॅन नाही.
- पुण्याचा पत्ता सिद्ध करा. खोलीला करारनामा नाही, आणि मालक लाइटबिलाची झेरॉक्स द्यायला तयार नाही.

मावशी परत येताना रिक्षात म्हणाल्या, "ताई, राहू द्या. माझी भिशी बरी आहे." मला मात्र राहू द्यायचं नाहीये. नेमकं काय आणि किती लागतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाणवठा

माझ्या माहितीप्रमाणे काहीच कागद नसले तरी 'छोटं खातं' उघडता येतं. फोटो द्यायचा आणि बँकेच्या माणसासमोर सही किंवा अंगठा करायचा, बस. मागा ते.

निवृत्त_काउंटर

पाणवठा, तसं खातं आहे खरं, पण या मावशींना ते देऊ नका. त्यात कुठल्याही वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाही आणि आर्थिक वर्षात १ लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. मावशींचे १२ हजार गुणिले १२ म्हणजे १ लाख ४४ हजार. एप्रिलपासून धरलं तर डिसेंबरात खातं अडेल. शिवाय ते १२ महिन्यांपुरतं असतं. ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने मिळतात. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे. मावशींकडे आहे.

आता मुद्द्याचं. मी ३१ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) नियमांत ओळखीचे ठरलेले कागद सहाच आहेत: पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार असल्याचा पुरावा, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं मनरेगाचं जॉब कार्ड, आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं नाव-पत्ता असलेलं पत्र. यातला एक लागतो. रेशन कार्ड या यादीत नाही. पॅनही नाही, ते वेगळं मागतात, आणि नसेल तर त्याजागी 'पॅन नाही' असं लिहून देण्याचा फॉर्म भरून चालतो. फॉर्म शाखेतच मिळतो.

म्हणजे तुम्ही दोन कागद दिलेत म्हणून दोन नावं झाली. एकच दिला असता तर नाव जुळवायचं कशाशी? नुसतं आधार द्या आणि खातं आधारवर आहे त्याच नावाने उघडा, 'बाई'सकट. पुढे पॅन काढाल तेही याच नावाने. मतदार कार्ड सवडीने दुरुस्त करा, त्यासाठी बँक थांबत नाही.

कोथरूडकर

यात लपवाछपवी नाही का होत? बँकेला खरं काय ते कळायला नको?

निवृत्त_काउंटर

नाही होत. बाई खरी, कागद खरा, फोटो खरा. खोटी माहिती देऊ नका एवढंच. न मागितलेला कागद पुढे करायचं बंधन कुणावर नाही.

बाकीचे मुद्दे. ठशांवाचून खातं अडायचं कारण नाही. ग्राहक स्वतःहून आधार कार्ड कागदाच्या रूपात देऊ शकतो. बँकेने मूळ पाहून प्रत प्रमाणित करायची किंवा त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून पडताळायचं. सरकारी योजनेचे पैसे हवे असणाऱ्यांचं बोटांचं प्रमाणीकरण आजारपणामुळे, वयामुळे किंवा आणखी कशाने होत नसेल, तर आधार क्रमांक घेऊन ओळख अशाच पद्धतीने पटवायची, असं नियमात स्पष्ट लिहिलंय. काउंटरवरच्या नव्या मुलांना मशीनच माहीत असतं, त्यांना दोष देत नाही. शाखाधिकाऱ्यांना भेटा.

पत्ता: आधारवरचा गावचा पत्ताच द्या. पुण्याचा टाकायचा हट्ट धरलात की पुरावा आला. फक्त एटीएम कार्ड टपालाने गावी जाईल, तेव्हा 'शाखेतून हातात देणार का' हे अर्ज भरतानाच विचारा. आमच्याकडे अशी परत आलेली कार्डं खोकंभर पडून असायची.

आणि खातं मागताना 'बेसिक बचत खातं' हेच शब्द वापरा. त्याला किमान शिल्लक लागत नाही. नुसतं 'सेव्हिंग' म्हणालात तर काही बँका पाच-दहा हजार ठेवायला सांगतात.

सुगरण_नाही

ठशांबद्दल स्वानुभव. माझ्या आईचे (तीही धुणीभांडी करायची) आधी कधीच उमटत नव्हते. आदल्या रात्री खोबरेल चोळलं, सकाळी हात धुऊन कोरडे पुसले आणि तर्जनीऐवजी अनामिका लावली. लागली! हल्ली चेहऱ्यानेही आधार पडताळता येतं, शाखेत सोय आहे का विचारा.

आणि आधारला मोबाइल नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही. आधार केंद्रावर स्वतः गेलं की होतं. ते करून घ्याच, नाहीतर पुढे दरवेळी ओटीपीला अडाल.

निवृत्त_काउंटर

+१. आणखी दोन गोष्टी विसरलो. योजनेचे पैसे यायचे तर नुसतं खातं पुरत नाही, आधार त्या खात्याला जोडण्याचा संमतीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. तो त्याच दिवशी भरा.

सही: मावशी सही करतात का? डळमळीत असेल तर सहीची घाई करू नका, अंगठाच द्या. आज एक वळण, सहा महिन्यांनी दुसरं, मग पैसे काढताना तंटा. पण अंगठ्याच्या खात्याला बऱ्याच शाखा चेकबुक देत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

पुन्हा नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. शाखेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. चौकशीला १४४४८ हा क्रमांक आहे. सहसा 'लेखी द्या' म्हटल्यावरच काम होतं.

ओसरी

अपडेट! सगळ्यांचे मनापासून आभार.

आज त्याच शाखेत गेलो. पिशवी घरी ठेवली, फक्त आधार आणि दोन फोटो. 'बेसिक बचत खातं' म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीने नवीन असल्यासारखं पाहिलं, मग आत विचारून आली. खोबरेल लावूनही बोटं काही लागली नाहीत. शाखाधिकाऱ्यांनी आधारवरचा कोड स्कॅन केला, मूळ कार्ड पाहिलं, झेरॉक्सवर शिक्का मारला. पॅनऐवजीचा फॉर्म भरला. 'लेखी द्या' म्हणायची वेळच आली नाही. पासबुक सोमवारी, कार्ड शाखेतूनच मिळणार. मावशींनी सहीच केली, पंधरा दिवस आमच्या किराण्याच्या वहीत गिरवत होत्या म्हणे, मला पत्ताच नव्हता.

एक शेवटचा प्रश्न. नॉमिनीचा रकाना कोरा ठेवून आलोय. मावशींना दोन मुली आहेत, दोघींची नावं टाकायची आहेत. चालतं का?

निवृत्त_काउंटर

आमच्या वेळी एकच नाव चालायचं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. दोघींना एकाच वेळी द्यायचं तर कुणाला किती टक्के ते लिहावं लागतं, बेरीज १०० झाली पाहिजे. पासबुक घ्यायला जाल तेव्हा फॉर्म मागा.

ओसरी

विचारलं मावशींना, निम्मं-निम्मं टाकू ना? म्हणाल्या, "धाकटीला साठ टाका ताई, तिचं लग्न व्हायचंय अजून."