कमोडच्या लाइनला चार इंची पुरे, सहा इंचीचा हट्ट कशाला?

वडगावकर
बेळगावच्या वडगावात घर बांधतोय. दोन बाथरूम, दोन्ही खालीच. मागच्या बाथरूमपासून रस्त्याकडचा चेंबर ४० फुटांवर. गवंडी हटून बसलाय, सगळी लाइन सहा इंचीच टाकूया, पुन्हा बघायला नको. माझं मत, एका घराला ११० एमएम, म्हणजे आपली चार इंची, भरपूर झाली. मोठ्या पाइपात तळाशी पाणी नुसतं पसरतं आणि मैला जागेवर बसतो. बोला.

अनगोळचा कंत्राटदार
साहेब, गणपतीला घरात वीस माणसं जमली की कळेल. तुंबल्याचे फोन मला चार इंचीवाल्यांचेच येतात. आणि तुमच्याकडं ढाळ कुठाय? डांबरावर डांबर पडून रस्ता वर चढलाय. आयएस १७४२, म्हणजे घराच्या ड्रेनेजचं भारतीय मानक, काढून बघा, चार इंचीला ५७ फुटांत एक फूट ढाळ, सहा इंचीला १०० फुटांत एक. तुमच्या ४० फुटांत चार इंचीला साडेआठ इंच खाली जावं लागणार, सहा इंचीचं पाच इंचांत भागतंय.

टिळकवाडीचा निवृत्त इंजिनिअर
आकडे बरोबर, अर्थ उलटा लावलात ओ. पाइप धुऊन निघायला सेकंदाला पाऊण मीटर वेग लागतो. शंभरास एक ढाळात तो मिळतो, पण कधी? सहा इंचीत तेवढं पाणी असेल तेव्हा. एका घराचं पाणी त्याला कुठं पुरणार? ड्युअल फ्लशची टाकी एका दमात ६ लिटर सोडते, छोटं बटण दाबलं तर ३. १६० एमएमचं, म्हणजे सहा इंचीचं, पोट ११० च्या दुपटीहून मोठं. त्यात ते ६ लिटर गेले कुठं कळणारसुद्धा नाही. तेव्हा सहा इंची टाकून ढाळ वाचवायचा, हे गणित एका घराला लागूच होत नाही. ढाळ मिळत नसेल तर जोत्याची उंची वाढवा.

मुलाकडं अमेरिकेत असलेला
इथल्या इंटरनॅशनल प्लंबिंग कोडात सांडपाण्याचा भार युनिटात मोजतात. बेसिन १ युनिट, शॉवर २, सगळी बाथरूम मिळून साधारण ५. दोन बाथरूमचे झाले १०. फुटाला पाव इंच ढाळ दिला तर तीन इंची पाइप ४२ युनिट घेतो, चार इंची २१६! कमोडला इथं तीन इंची सर्रास चालते. तुम्ही चार आणि सहावर भांडताय.

निपाणीचा प्लंबर
दादा, ते तिकडं. आपल्याकडं कमोडचं आउटलेट चार इंचीच्या हिशेबानं येतंय, आणि वाहत्या दिशेनं पाइप बारीक करायचा नसतो. अडकणार तिथंच. तीन इंची नहाणी ट्रॅपपुरती, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपपुरती, ठेवा. आणि साइजवर वाद घालण्याआधी पाइपावरचा शिक्का वाचा. टाइप ए हा हवेच्या आणि पावसाच्या पाइपासाठी, मैल्याला टाइप बी लागतो. बरेच लोक स्वस्त म्हणून ए ढकलतात. नावं घेत नाही.

अनगोळचा कंत्राटदार
माझ्याकडं बघून बोलू नका. मी टाइप बी-च टाकतो.

खानापूरची
आमच्याकडचा पाऊस बघितलाय ना? गच्चीचं पाणी कमोडच्या लाइनला जोडलं, तर सहाची आठ इंची करा, जुलैत चेंबरचं झाकण वर येणारच. आमच्या गल्लीतल्या तीन घरांत तेच झालं. पावसाचा पाइप वेगळा काढा, मग इंचांवर बोला. नहाणी ट्रॅपमधलं, वास अडवणारं दोन इंच पाणी उन्हाळ्यात आटतं, हेही ध्यानात ठेवा. पोरं पुण्यात, घर बंद, आणि मे महिन्यात दार उघडलं की नाकाला रुमाल. त्यावर पाइप मोठा करून काय उपयोग? जाताना दोन तांबे पाणी ओतायला कुणाला तरी सांगून ठेवायचं.

वडगावकर
ताई, गच्चीचा पाइप वेगळाच आहे. राहिला प्रश्न पाण्याचा. २००८ पासून शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, आम्ही त्यात नाही. नळ येईपर्यंत बादलीनंच ओततो. पाणी कमी, म्हणूनच पाइप लहान हवा.

अनगोळचा कंत्राटदार
पाणी कमी तर चार इंचीही तुंबणार. सहा इंचीत निदान बांबूच्या पट्ट्या घालता येतात.

टिळकवाडीचा निवृत्त इंजिनिअर
पट्ट्या चार इंचीतही जातात. वळणाला आणि मध्यावर एकेक चेंबर ठेवा, काटकोनाचा बेंड टाळून पंचेचाळीसचे दोन घाला.

वडगावकर
उद्या लेव्हल ट्यूब लावून बघतो. साडेआठ इंच निघाले तर चार इंचीच.

अनगोळचा कंत्राटदार
नाही निघाले तर फोन करा. सहा इंचीचे सहा पाइप गोडाऊनला पडूनच आहेत.