माँटगोमेरीचा बसबहिष्कार: 20 मार्चच्या फलकासाठी मजकूर तपासून हवाय

सावित्रीकाठ (महाड)
20 मार्चला चवदार तळ्याजवळ दोन फलक लावतोय. एक महाड 1927 चा, दुसरा अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराच्या बसबहिष्काराचा. दुसऱ्याचा कच्चा खर्डा असा आहे:

"1955 साली दिवसभराच्या कामाने थकलेल्या रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि बसमधला वर्णभेद संपला."

मुलं हमखास विचारणार की वर्षभर लोक कामावर गेले कसे? सगळेच चालत गेले म्हणावं तर पटत नाही. फलक चार बाय तीन फुटी, मजकूर फार तर दीडशे शब्द.

खाडीपलीकडे
दोन्ही वाक्यं बदला. "थकलेल्या" हा शब्द तर आधी काढा. पार्क्सबाई शिवणकाम करायच्या हे खरं, पण एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या त्या चिटणीसही होत्या. पाय दुखत होते म्हणून बसून राहिल्या असं लिहिलं की एका कार्यकर्तीची बिचारी बाई होते.

त्याऐवजी बसचा आराखडा काढा. आसनं 36. पुढची 10 गोऱ्यांची, बस रिकामी असली तरी त्यांवर काळ्या माणसाने बसायचं नाही. मागची 10 काळ्यांची. मधली 16 ड्रायव्हरच्या मर्जीवर. पैसे पुढच्या दाराने द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने चढायचं, आणि तेवढ्यात ड्रायव्हर गाडी दामटून निघूनही जायचा. पार्क्स मधल्या भागाच्या पहिल्या रांगेत होत्या, म्हणजे नियमाप्रमाणेच बसल्या होत्या. एक गोरा उतारू उभा राहिला म्हणून त्या रांगेतल्या चौघांनाही उठायला सांगितलं. एकासाठी चौघं, कारण काळा आणि गोरा एका रांगेत बसता कामा नये. तिघं उठले, पार्क्स उठल्या नाहीत आणि त्यांना अटक झाली. हे चित्रात दाखवलंत तर निम्मा मजकूर वाचेल.

डेपो नं. 3
वाहतुकीचं मी लिहितो, खरी करामत तिथेच आहे.

5 डिसेंबर 1955 ला काळ्या लोकांनी बसमध्ये चढायचं नाही असा बहिष्कार सुरू केला तेव्हा काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, माणशी 10 सेंटमध्ये, लोक नेले. नगरपालिकेने लगेच किमान 45 सेंट भाड्याच्या नियमावर बोट ठेवलं आणि तो मार्ग बंद झाला. मग खाजगी मोटारी आल्या. ही युक्ती लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात 1953 च्या बहिष्कारात वापरून झाली होती, तिथूनच ती विचारून घेतली.

साधारण 300 मोटारी. सकाळी वस्तीतून लोक उचलायचे 48 थांबे, संध्याकाळी परतीचे 42. आपल्याकडच्या वडापसारखंच, फक्त एक मोठा फरक: भाडं घ्यायचं नाही. परवान्याशिवाय भाडं घेतलं की बेकायदा प्रवासी वाहतुकीचा गुन्हा लागणार. म्हणून पेट्रोलचे पैसे चर्चमधल्या सभांत वर्गणीने जमवायचे. जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी जेवण, केक आणि भाजलेले गोड पदार्थ विकून दर सभेला पैसे आणून द्यायच्या.

अडचणी दोन आल्या. पोलीस क्षुल्लक कारणांवरून चालकांना अडवायचे. बहिष्काराचे नेते खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांना 26 जानेवारी 1956 ला ताशी 25 मैलांच्या रस्त्यावर 30 ने गाडी चालवली म्हणून अटक झाली. दुसरी, विमा. चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या, "फिरती चर्च" म्हणायचे त्यांना. त्यांचे विमे एकामागून एक रद्द व्हायला लागले. विमा नाही तर गाडी रस्त्यावर आणता येईना. शेवटी अटलांटातल्या एका काळ्या विमा एजंटमार्फत थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरवला.

आणि हो, कित्येक गोऱ्या बायका आपल्या मोलकरणींना स्वतःच्या गाडीतून आणत-सोडत होत्या. महापौरांनी तसं करू नका म्हणून सांगितलं, तरी घरची भांडी कोण घासणार!

दिवाणी दावा
खटल्याचं. जिंकला तो पार्क्सचा खटला नव्हेच. त्यांना 10 डॉलर दंड आणि 4 डॉलर खर्च झाला. ते अपील राज्याच्या कोर्टांत रेंगाळलं असतं. म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी 1 फेब्रुवारी 1956 ला फेडरल (केंद्रीय) कोर्टात वेगळा दावा घातला: ब्राउडर विरुद्ध गेल (गेल म्हणजे तिथले महापौर). वादी चार बायका: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन. यातली कॉल्विन पार्क्सच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, याच कारणावरून पकडली गेली होती. जूनमध्ये तीन न्यायाधीशांनी 2 विरुद्ध 1 असा वादींच्या बाजूने निकाल दिला, 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

आता गंमत बघा. त्याच 13 नोव्हेंबरला राज्याच्या कोर्टाने मोटारी चालवायला मनाई केली. निकाल हातात, पण त्याचा हुकूम शहरात पोचायला 20 डिसेंबर उजाडला. मोटारी बंद, बसमध्ये चढायचं नाही. मुलांना सांगा, चालणारे आधीही होते, पण खरं चालणं म्हणाल तर त्या पाच आठवड्यांत झालं.

मनाई हुकूम म्हटलं की महाडकरांच्या कानाला ओळखीचं वाटायला हवं. दोन्ही फलक जोडायचे तर इथेच जोडा.

सावित्रीकाठ (महाड)
म्हणजे 1927 च्या डिसेंबरातला?

दिवाणी दावा
तोच. मार्चमध्ये पाणी प्यायले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तळं खुलं करणारा आपलाच 1924 चा ठराव फिरवला. 25 डिसेंबरचा सत्याग्रह ठरल्यावर सवर्णांनी दावा घातला आणि 14 डिसेंबरला तात्पुरती मनाई मिळवली. बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. मनुस्मृती जाळली, तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. फेब्रुवारी 1928 मध्ये मनाई उठली, पण दावा मुंबई हायकोर्टात मार्च 1937 पर्यंत चालला. प्रतिवादींचा मुद्दा साधा होता: तळं नगरपालिकेचं. आणि अनादी काळापासूनची वहिवाट सवर्णांना सिद्ध करता आली नाही.

खाडीपलीकडे
महाडच्या फलकावर एक आकडा घाला: मार्चच्या परिषदेत दलितांना सवर्णांकडून 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. त्याच्या शेजारी माँटगोमेरीचे 10 सेंट ठेवा. पैसे दोन्हीकडे चालत होते, माणूस चालत नव्हता.

डेपो नं. 3
फक्त "बसमधला वर्णभेद संपला" इथेच पूर्णविराम देऊ नका. 21 डिसेंबरला लोक पुढच्या जागांवर बसले आणि काही दिवसांतच बसवर गोळीबार सुरू झाला. संध्याकाळच्या फेऱ्या काही काळ बंद ठेवाव्या लागल्या.

सावित्रीकाठ (महाड)
खर्डा पुन्हा लिहितो. बसचा आराखडा वर, थांबे मध्ये, खाली 14 डिसेंबर 1927 आणि 13 नोव्हेंबर 1956 शेजारी शेजारी. 381 दिवस नक्की कुठून कुठे मोजायचे?

दिवाणी दावा
5 डिसेंबर 1955 ते 20 डिसेंबर 1956. 1956 लीप वर्ष होतं; 29 फेब्रुवारी विसरलात तर 380 येतील आणि कुणीतरी चुणचुणीत पोर तुम्हाला तिथेच पकडेल.