‘व्हिक्टिम ब्लेमिंग’ला मराठीत काय म्हणाल?

विचारणा
एका लेखाच्या अनुवादात ‘व्हिक्टिम ब्लेमिंग’ बारा वेळा आलंय. ‘पीडितदोषारोपण’ लिहून पाहिलं, पण घासात खडा लागावा तसं होतं. विषय बलात्काराचा आहे. ‘ती तिथे गेलीच कशाला’ या वृत्तीला वाचताक्षणी कळेल असा शब्द हवाय. सुचतोय कुणाला?

प्रतिसाद १
‘बळीलाच बोल’. बोल लावणं म्हणजे दोष देणं, हे सगळ्यांना कळतं. ‘च’ गाळू नका, सगळी चीड त्या ‘च’मध्ये आहे.

प्रतिसाद २
‘बोल’ झकास, ‘बळी’ खटकतो. बळी गेला म्हणजे संपला. इथे बाई जिवंत आहे, फिर्याद द्यायला उभी आहे. मी ‘सोसणाऱ्यालाच बोल’ म्हणेन. मूळ संज्ञाही बलात्कारापुरती नाही. विल्यम रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये ती रूढ केली ती गरीब कृष्णवर्णीयांच्या संदर्भात. त्यांच्या दारिद्र्याचं खापर त्यांच्याच कुटुंबांवर फोडलं जात होतं. तेव्हा शब्दात ‘स्त्री’ आणू नका.

प्रतिसाद ३
तुम्ही नाम शोधताय, पण आपल्याकडे हे काम बिनबोभाट वाक्यरचनाच करते. मी उपसंपादक आहे. मध्यंतरी हाती आलेला मथळा: ‘रात्री एकट्या निघालेल्या तरुणीवर अतिप्रसंग’. पाच शब्दांपैकी पहिले तीन तिच्याकडे बोट दाखवणारे, आणि करणारा कुठेच नाही! मी ‘तरुणीवर बलात्कार, तिघांविरुद्ध गुन्हा’ केलं. वरिष्ठ म्हणाले, ‘अगं, रात्रीची वेळ ही माहितीच आहे ना?’ आहे की. तिसऱ्या परिच्छेदात जाऊ दे.

‘अतिप्रसंग’ तर मुळात न्यायदर्शनातला, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातला. नियम नको तिथे लागू पडायला लागला की तो अतिप्रसंग. आपण त्याचा पडदा केला. त्यामानाने ‘बलात्कार’ सरळ आहे. बलात् म्हणजे बळाने. पूर्वी कुठल्याही जबरदस्तीला म्हणत. त्यात ना वासना, ना अब्रू, ना कपडे. फक्त जोर.

‘अब्रू लुटली’ मात्र हद्दपार करावा असा प्रयोग. गुन्हा त्याने करायचा आणि अब्रू जायची तिची, हा कुठला हिशेब? ‘विनयभंग’ही त्याच घरातला. भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ गेलं, न्याय संहितेचं ७४ आलं, शब्द तोच राहिला. अंगावर हात टाकला त्याने, मोडला म्हणे तिचा विनय. मग बचावाचा वकील तो विनय मुळात होता का, हे तपासायला बसणारच. आणि त्याला तशी सोयही होती. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ आहे हे दाखवून तिची साक्ष खिळखिळी करायची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्यात होती. ती निघाली २००२ च्या दुरुस्तीने.

प्रतिसाद ४
म्हणी विसरलात. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’. ‘काट्यावर पान पडलं काय नि पानावर काटा, फाटतं पानच’. दुसरी तर मुलींना मायेने सांगतात. काट्याला कुणी काही सांगितल्याचं ऐकिवात नाही.

प्रतिसाद ५
एक शंका. मी मुलीला ‘उशीर करू नकोस’ म्हणतो. हाही बोल का?

प्रतिसाद ३ (पुन्हा)
नाही हो. काळ बघा. ‘जाऊ नकोस’ ही आधीची काळजी. घडून गेल्यावर ‘जायला नको होतं’ म्हटलं की तो बोल. शब्द जवळपास तेच, पण त्या ‘होतं’ने पारडं फिरतं. (मुलालाही सांगता ना?)

प्रतिसाद ६
‘संमती’बद्दल कुणीच बोललं नाही. महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता; सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांनाही सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिने विरोध केल्याचं पटत नाही, हा एक आधार. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला कळीचा मुद्दा शब्दाचाच होता: संमतीत शरण जाणं असतं, पण शरण जाण्यात संमती असतेच असं नाही. देशभर आंदोलन पेटलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आपण मात्र अजून ‘मौनं संमतिलक्षणम्’ घोकतो. ‘मुकाट्याने गेली’ या वाक्यातली भीती कुणाला ऐकू येत नाही.

विचारणाकर्ती
आभार. चार ठिकाणी ‘सोसणाऱ्यालाच बोल’ घेतलं. उरलेल्या आठ ठिकाणी नाम काढून टाकून ‘लोकांनी तिलाच बोल लावला’ असं सरळ वाक्य केलं. कर्ता आला, तशी वाक्यं बरीच लांबली. संपादकांनी अजून कात्री लावलेली नाही.